रायझोबियमची पावडर : कोरडवाहू कडधान्याला कितपत उपयोगी?

रायझोबियम म्हणजे कडधान्याच्या मुळांवर गाठी करून हवेतले नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळवून देणारे जिवाणू. लिग्नाइट (कोळशाचा प्रकार) किंवा पीट (कुजलेल्या वनस्पतींची माती) यांच्या पावडरीत मुरवलेले रायझोबियम साधारण 250 ग्रॅमच्या पाकिटात मिळते. एक पाकीट 10 किलो बियाण्याला पुरते. माल चांगला असेल तर कोरडवाहू रानात पावडरच घ्यावी. याच जिवाणूंचे द्रवरूप संवर्धक (पातळ द्रावण) जास्त दिवस टिकते आणि हाताळायला सोपे असते, हे खरे. पण तापलेल्या जमिनीत बियाण्यावरचा त्याचा पातळ थर लवकर सुकतो. पावडरीचा लेप जिवाणूंना थोडा तरी आडोसा देतो.

घेताना पाकिटावर आधी पिकाचे नाव पाहा. कोणते जिवाणू आहेत हे न सांगता नुसते 'सर्व कडधान्यांसाठी' असे छापले असेल तर ते पाकीट घेऊ नका. हरभऱ्याला यातला मेसोरायझोबियम हा प्रकार लागतो. मूग, मटकी, चवळी, तूर आणि भुईमूग यांचे जमते ब्रॅडिरायझोबियमशी. मुगाचे पाकीट हरभऱ्याला लावणे म्हणजे पैसे पाण्यात. त्यानंतर अंतिम तारीख बघा. पाकीट फोडल्यावर चिमूटभर पावडर बोटांत दाबा. ती दमट लागली पाहिजे. धुळीसारखी उडत असेल तर आतले बहुतेक जिवाणू मेलेले समजा. उन्हात मांडून ठेवलेला माल तारखेत बसत असला तरी घेऊ नये.

लावायची पद्धत सोपी आहे, पण घाई नडते. लिटरभर पाण्यात 125 ग्रॅम गूळ विरघळवून उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. गरम द्रावणाने जिवाणू मरतात. 10 किलो बियाण्याला यातले 300 ते 400 मिली पुरते, बारीक दाण्याला थोडे जास्त लागते. त्यात पावडर कालवून बियाण्यावर हलक्या हाताने चोळा. भुईमुगाची साल पातळ असते, तिथे हात आणखी हलका हवा. दाण्यावर काळसर लेप सारखा बसला की बियाणे सावलीत अर्धा तास पसरा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावून सुकू द्यायचे, रायझोबियम सगळ्यात शेवटी. तांबेयुक्त बुरशीनाशकाशी मात्र त्याचे मुळीच जमत नाही. सुपर फॉस्फेट आम्लधर्मी असते, म्हणून ते आणि हे बियाणे पेरणीच्या एकाच चाड्यातून सोडू नका.

पावडर कुचकामी निघाल्याच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ पेरणीत असते. कोरड्या हवामानात जमिनीचा वरचा थर भर दुपारी 40 अंशांच्या वर जातो आणि तिथे लेपातले जिवाणू भराभर मरतात. म्हणून बी ओलीत पडले पाहिजे. हरभरा त्यासाठी 8 ते 10 सेंमी खोल गेला तरी चालतो. धूळपेरणीत (पावसाआधी कोरड्या जमिनीत केलेल्या पेरणीत) बीजप्रक्रिया जवळपास वायाच जाते, कारण पाऊस येईपर्यंत बी उगवण्याची वाट पाहू शकते, जिवाणू नाही.

पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी रोप खुरप्याने मातीसकट काढा. उपटलेत तर गाठी जमिनीतच राहतात आणि उगाच पावडरीला दोष जातो. मुळे पाण्यात बुडवून माती सोडवा, एखादी मोठी गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी-लाल दिसली तर नत्र तयार होत आहे. सोटमुळाच्या वरच्या भागात अशा टपोऱ्या गाठी असतील तर लेपातले जिवाणू रुजले असण्याची शक्यता मोठी. बाजूच्या मुळांवर विखुरलेल्या, आतून पांढऱ्या बारीक गाठींचा फारसा उपयोग नसतो. पीक हिरवेगार आणि गाठी मात्र नाहीत, असे दिसले तर जमिनीत आधीच नत्र भरपूर आहे किंवा युरिया जास्त पडला आहे.

ते कडधान्य पहिल्यांदाच घेत असाल किंवा बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर, तर ही पावडर घ्याच. दरवर्षी गुलाबी गाठी भरपूर येतात अशा रानात फरक दिसेलच असे नाही. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी असेल तर आधी ते द्या, नाहीतर गाठी पोसत नाहीत. आपल्या रानाचा अंदाज घ्यायला चार तासे (ओळी) बिनलेपाची ठेवा, पण ती आधी पेरा. लेप दिलेले बियाणे आधी सोडले तर पेरणीच्या पाभरीला चिकटलेली पावडर त्या तासांतही जाते आणि तुलनेला अर्थ राहत नाही.