21 गिअरची हायब्रिड सायकल: पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

जूनपासून ही सायकल रोज वापरतोय. नाशिकमध्ये कामाला जाता-येता गंगापूर रोड आणि सुट्टीला त्र्यंबक रोड. ब्रेक, सीट, टायर ठीक आहेत, त्यावर जास्त लिहीत नाही. गिअरवर मात्र सविस्तर लिहितो, कारण घेताना सगळ्यांचं लक्ष 21 या आकड्यावर असतं.

पुढे 42, 34 आणि 24 दातांच्या तीन चकत्या, मागे 14 ते 28 दातांचं सात गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चकत्यांची जुडी. पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागलं की पायडलच्या एका फेऱ्यात चाक किती वेळा फिरतं ते कळतं. 34 वर 20 लावलं तर 1.7. 42 वर 24 लावलं तर 1.75. 24 वर 14 लावलं तर 1.71. तीन गिअर, पायाला मात्र एकच! असं करत गेलं तर खरोखर वेगळे गिअर बाराच्या आसपासच उरतात.

या तिघांपैकी 34-20 घ्यावा, त्यात चेन सरळ रेषेत राहते. 24-14 वर ती पार तिरकी जाते, सैल पडते आणि मधल्या चकतीच्या कडेला घासून खरखर आवाज करते. 42-28 वर तीच गत उलट्या बाजूने, वर ताणही जास्त. अशा जोड्यांवर रोज चालवलं की चेन आणि दात दोन्ही लवकर झिजतात.

शहरात मधली चकती सोडायची गरजच पडत नाही. सिग्नल लाल दिसला की थांबण्याआधीच मागचे दोन गिअर हलके करून घ्यायचे, कारण पायडल फिरत असल्याशिवाय चेन सरकत नाही. हिरवा झाल्यावर गुडघ्यावर जोर येत नाही, हा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

त्र्यंबक रोडला पावसाळ्यात जाताना वारा समोरून असतो आणि रस्ताही हळूहळू चढत जातो. तिथे चढाचा विचार करतो तसाच वाऱ्याचा करायचा: एक गिअर हलका आणि पाय भरभर. परतताना 42 वर टाका, मजा येते. अंजनेरी गावातून डोंगराकडे चढणाऱ्या रस्त्याला मात्र 24 ची चकती लागतेच. ती चढ सुरू व्हायच्या आधी, पायाचा जोर सैल असताना लावा. भर चढावर जोर देत बदललं तर कडकड आवाज होतो, कधी चेन आत पडते.

24-28 वर मी तिथे ताशी सात-साडेसात किलोमीटरने बसून चढतो. मागे सामान बांधून घाट चढायचा असेल तर मागे 34 दातांचं फ्रीव्हील बघा, पण तुमचा रिअर डिरेलर (मागची चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ते पेलतो का हे आधी मेकॅनिकला विचारा. चेनही लांब लागेल.