दिवाळीत घेतलेला स्मार्ट वजनकाटा, श्रावणापर्यंत वापरून

आधी वस्तूबद्दल. काचेचा चौकोनी काटा, वर धातूच्या चार पट्ट्या, खाली सेल, आणि ब्लूटूथवर मोबाईलमधल्या ॲपशी जोडणी. मोबाईल जवळ नसला तरी आकडा काट्यावर दिसतो, नंतर ॲप उघडलं की नोंद चढते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीतले काटे साधारण एकाच पद्धतीने चालतात. आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. घरात चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. कोण उभं आहे हे काटा वजनावरून ओळखतो. बापलेकांची वजनं जवळजवळ आली तेव्हा मात्र त्याची पंचाईत झाली, आणि आठवडाभर एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या खात्यात जात राहिल्या.

निव्वळ वजनाच्या बाबतीत काटा चोख आहे. एक लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन उभं राहिलं की बरोबर तेवढं वाढतं. खोड एकच: लगेच पुन्हा चढलात आणि फरक अगदी थोडा असेल, तर हा पठ्ठ्या मागचाच आकडा दाखवतो. बघणाऱ्याला वाटतं, काय अचूक आहे! पायपुसण्यावर किंवा उताराच्या फरशीवर ठेवलात तर आकडा भलताच येतो. आमचा आता हॉलमध्ये टीव्हीखाली असतो.

चरबीच्या टक्केवारीवर फार विसंबू नका. पट्ट्यांवर अनवाणी उभं राहिलं की एका पायातून दुसऱ्या पायात अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह जातो. स्नायूंत पाणी जास्त, म्हणून तिथून तो सहज जातो, चरबीत अडतो. त्या अडथळ्यावरून, आणि आपण भरलेल्या उंची-वयावरून, ॲप सूत्र लावतं. म्हणजे मोजायची एक गोष्ट आणि सांगायच्या डझनभर: चरबी, स्नायू, हाडं, पाणी, वर ‘शरीराचं वय’. शिवाय प्रवाह एका पायाने वर येतो आणि दुसऱ्याने उतरतो, पोटाशी त्याची फारशी गाठच पडत नाही. आपल्याकडे साठा असतो तो नेमका तिथे. चिरंजीवांनी ॲपमध्ये स्वतःला ‘ॲथलीट’ म्हणून नोंदवलं आणि चरबी जागच्या जागी काही टक्क्यांनी उतरली. एक समोसा न सोडता!

हिरव्या रंगालाही भुलू नका. आमचं ॲप बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २५च्या आत असला की सगळं आलबेल दाखवतं. भारतीयांसाठी डॉक्टर २३ पासूनच जास्त वजन धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटीमीटरच्या वर नको, असंही ते सांगतात. त्यासाठी शिंप्याकडची टेप पुरते, आणि माझ्या मते ती या काट्याच्या शेजारीच टांगावी.

आता मुख्य गोष्ट. लोक वजन कमी करायला घेतात आणि सोडून देतात, ते का, हे मला इतक्या महिन्यांत या काट्यासमोर उभं राहून दिसलं. आळस, इच्छाशक्ती वगैरे कारणं सांगायला सोपी आहेत. आमच्या घरात खरा घोळ होता तो सकाळच्या आकड्याने.

नवऱ्याने जानेवारीत साखर सोडली, रात्रीचा भात सोडला, तळ्याकाठी तलावपाळीला चालायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात जवळपास दोन किलो उतरलं. बिल्डिंगभर सांगून झालं. मग एका रविवारी चालून झाल्यावर मित्रांबरोबर मामलेदारची मिसळ झाली, वर जादा पाव, जादा तर्री. सोमवारी सकाळी हा काट्यावर चढला, आकडा बघून उतरला, मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं, चष्मा काढला, पुन्हा चढला. ९०० ग्रॅम जास्त. “चालून वाढलं? मग चालायचं तरी कशाला?”

हिशेब असा आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. ९०० ग्रॅम चरबी एका रात्रीत चढवायची तर गरजेपेक्षा जवळजवळ सात हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. तेवढी मिसळ त्याला कोणी वाढलीही नसती. वाढलं ते पाणी, आणि पोटातलं अन्न. खारट जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं. भात-पाव सोडले की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा घटतो, आणि या साठ्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. पहिल्या आठवड्यातले दोन किलो बरेचसे तेच होते. एका मिसळीत त्यातलं निम्मं परत आलं, एवढंच.

आठवड्याला अर्धा किलो हा वजन उतरण्याचा चांगला वेग समजा. म्हणजे रोज सुमारे ७० ग्रॅम. एक पेला पाणी २५० ग्रॅमचं. उठल्यावर पाणी पिऊन काट्यावर उभे राहिलात, तर साडेतीन दिवसांची मेहनत त्या एका पेल्यामागे लपते. अशा आकड्याकडे रोज बघून कोण टिकेल? पहिल्या आठवड्याचा वेग आपला कायमचा वेग वाटतो, तिसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही, आणि मग ‘माझी तब्येतच तशी’ म्हणून सगळं गुंडाळलं जातं. त्यात वजन उतरलं की तेवढ्याच खाण्यात पुढचं उतरायला वेळ लागतो, कारण हलक्या शरीराला लागतंही कमी. हे आधी कोणी सांगत नाही.

इथे ॲप खरोखर कामाला आलं. त्यात आठवड्याच्या सरासरीचा आलेख आहे, सेटिंगमध्ये दोन पायऱ्या आत दडवलेला. मी तो नवऱ्याच्या मोबाईलवर पहिल्या पानावर आणून ठेवला आणि रोजच्या सूचना बंद केल्या. फेब्रुवारीतली रोजची रेघ करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होती, सरासरीची शांतपणे खाली येत होती. तेव्हापासून सोमवारची चिडचिड थांबली. मिसळ थांबली नाही.

मार्चमध्ये सरासरीही अडली तेव्हा मात्र मी स्वयंपाकघरात शिरले. काट्याला तेल दिसत नाही. आमच्याकडे पाच लिटरचा कॅन महिन्याला संपायचा. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. चौघांत आणि तीस दिवसांत वाटलं तर माणशी रोज ३८ ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी नुसत्या फोडणी-तळणाच्या, शेंगदाण्याचं कूट आणि वरणावरचं तूप वेगळं. पासष्ट किलोचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालला तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, म्हणजे मोठा एक चमचा तेल. तलावपाळीच्या फेऱ्या आणि परत आल्यावरची भजी यांची बरोबरी अशी होते. आता कॅनवर मार्करने तारीख टाकते आणि तो महिन्यानंतर निदान दहा दिवस पुरवते. भाज्यांची चव बदलली असं फक्त मुलाचं म्हणणं आहे, आणि तो बाहेर खातो.

त्याचं गाऱ्हाणं उलटं. त्याला वजन वाढवायचंय, दंड दिसायला हवेत. जिम लावली, डबाभर पावडर आली, काटा जागचा हलेना. रात्री दोनला झोपायचं, सकाळी न खाता पळायचं, जेवणाला पातळ वरण आणि भाताचा डोंगर. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार साध्या निरोगी माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोला पन्नास ग्रॅम, आणि व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त. एका अंड्यात सहाच्या आसपास, पातळ वरणाच्या वाटीत साधारण तेवढीच. त्याने पावडरीचं शेकर घासायला टाकलं की ते मलाच घासावं लागतं, म्हणून माझं मत थोडं कलुषित आहे हे धरून चाला.

सासूबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं, “मला नको बाई ते करंटबिरंट.” मोजे घालून उभं राहिलं की काटा फक्त वजन सांगतो, प्रवाह जात नाही, त्यामुळे तो प्रश्न सुटला. फेब्रुवारीत त्यांना ताप आला, तीन किलो गेले, आणि त्या खूश: गुडघ्यांवरचा भार हलका झाला. पण खुर्चीतून उठायला हात टेकावा लागायला लागला, कारण त्या तीन किलोंत स्नायूही होते. फिजिओथेरपिस्टने खुर्चीवरून उठ-बस आणि भिंतीला धरून टाचा उचलणं दिलं. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आज त्यांचं वजन किलोभर परत वाढलंय, ॲप लाल बाण दाखवतं आणि त्या हिरमुसतात. लिफ्ट बंद असली तर मात्र न थांबता दुसरा मजला चढतात. त्यांच्या खात्यातला बाण मी काढून टाकायचा प्रयत्न केला. ॲपमध्ये ती सोय नाही. यासाठी एक तारा कापला.

ॲपचा वर्षभराचा आलेख बघितला तर जून-जुलैत मोठी पोकळी आहे. तलावपाळी, उपवन, येऊरचा रस्ता, सगळ्यांचा व्यायाम उघड्यावर, आणि पावसाने दोन दिवस मोडला की ‘गणपती झाल्यावर बघू’. गणपतीनंतर नवरात्र, मग दिवाळी. नवरा आता पावसात आमचेच चार जिने वरखाली करतो, सकाळी थोडे, ऑफिसातून आल्यावर थोडे. आठवड्याला दीडशे मिनिटं भरायची असतात. ती निदान दहा-दहा मिनिटांच्या सलग टप्प्यांत हवीत, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढून टाकली.

घ्यावा का? नोंदवही ठेवायचा कंटाळा असेल तर घ्या, पण ॲपमध्ये आठवड्याची सरासरी दिसते का ते विकत घेण्याआधी परीक्षणांतल्या फोटोंमधून बघा. चरबी-स्नायूंच्या टक्क्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. घरात कोणाला पेसमेकर असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर त्यांनी अनवाणी उभं राहायचं नाही. खोक्यातल्या कागदावर हे बारीक अक्षरात असतं. सेल आमचे अजून पहिलेच चालू आहेत. पाचापैकी साडेतीन तारे.