अमीब्रोकर म्हणजे शेअरच्या चार्टचं सॉफ्टवेअर, त्यात मोठ्या टाइमफ्रेमचा डेटा लहान चार्टवर आणायला टाइमफ्रेमसेट घ्यावं का टाइमफ्रेमगेटप्राइस?

लातूरचा एक दोस्त परवा इचारायला लागला, पाच मिनिटाच्या चार्टवर मागच्या आठवड्याचा हाय, म्हणजे सगळ्यात वरचा भाव, लावायचाय, कोणतं फंक्शन घेऊ. म्हणलं तेवढंच पाहिजे तर गेटप्राइस घे, एका ओळीत काम, फील्ड (कोणता भाव), इंटरवल (आठवडा) अन् शिफ्ट उणे १ (एक आठवडा मागं) द्यायचं, बाकी पाच मिनिटाच्या कॅन्डलवर पसरवायचं ते स्वतःच करतं. पण शिफ्ट ० म्हणजे चालू आठवडा ठेवला की घोटाळा, कारण डिफॉल्ट मोड एक्सपांडफर्स्ट आहे, म्हणजे पहिल्या कॅन्डलपासूनच पसरवणारा, मग जुन्या डेटात सोमवारच्या पहिल्या कॅन्डललाच शुक्रवारपर्यंतचा हाय दिसतो, आडतीत सकाळी नऊलाच सोयाबीनचा संध्याकाळचा भाव कळल्यासारखं. मग बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या डेटावरची चाचणी, झकास येणारच की!

तासाचा २० चा ईएमए, म्हणजे भावाच्या सरासरीची रेघ, पाहिजे असला तर मात्र गेटप्राइस कामाचं नाही, त्याला भाव, व्हॉल्यूम असले तयार आकडेच कळतात. तिथं टाइमफ्रेमसेट. आधी सेट करून तासाचा टाइमफ्रेम, मग हिशोब, मग रिस्टोर करून परत पाच मिनिटावर, मग एक्सपांड म्हणजे पसरवणं. हे शेवटचं मी एकदा विसरलो. एनएसईचे दिवसाला पाच मिनिटाचे ७५ बार म्हणजे कॅन्डल, तासाचे मूठभर, ते सगळे चार्टच्या उजव्या कोपऱ्यात दाटीनं जाऊन बसले, एरर काहीच नाही, अन् मी दोन रात्री क्रॉसओव्हर, म्हणजे रेघा एकमेकींना कापतात ती जागा, कुठं चुकायलाय ते शोधत बसलो.

आता लेव्हल गेटप्राइसनं, इंडिकेटर सेटनं, दोन्ही एकाच एएफएलमधे, म्हणजे अमीब्रोकरच्या कोडमधे ठेवतो. तासाच्या चार्टवरून पाच मिनिटाचं काढायचं म्हणलं तर मात्र दोन्ही फंक्शनं हात वर करतात.