पॉलिइमाइड, पीईटी की पीडीएमएस? वाकणाऱ्या सेन्सरसाठी सब्सट्रेट निवडताना

काचेवर बसवलेला पातळ थराचा सेन्सर नीट चालू लागला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हाच थर वाकणाऱ्या शीटवर कसा आणायचा? बहुतेक जण पिवळसर कॅप्टॉनचा (पॉलिइमाइड या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा) रोल मागवतात आणि कामाला लागतात. पुष्कळदा ती निवड बरोबरही ठरते. पण ती सवयीने झालेली असते, हिशोबाने नाही. काही कामांत पॉलिइमाइडपेक्षा दहापट स्वस्त शीट जास्त चांगली चालते आणि काही कामांत पॉलिइमाइडच सेन्सरचं वाचन बिघडवतं. एम.एस्सी., पीएच.डी. किंवा छोट्या उत्पादनासाठी ज्यांना येत्या महिन्यात सब्सट्रेट (थराखालची आधाराची शीट) ठरवायचा आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

माझं म्हणणं असं: आधी मटेरिअल निवडू नका. आधी तुमच्या प्रक्रियेतली सगळ्यात गरम पायरी शोधा. निम्मे पर्याय तिथेच गळतात.

सगळ्यात गरम पायरी कोणती?

ही पायरी बऱ्याचदा थर बसवण्याची नसतेच. स्पटरिंग (निर्वातात प्लाझ्माने थर बसवणं) तर खोलीच्या तापमानाला होतं, मग पीईटी (पाण्याच्या बाटलीचं पॉलिएस्टर प्लास्टिक) चालेल, असं वाटतं. पण नंतर ॲनीलिंग (थर तापवून सुधारणं) आहे, चांदीची शाई पक्की करायची आहे आणि शेवटी वायर जोडायची आहे. शिसंविरहित सोल्डरचं रिफ्लो (वितळवून जोडण्याची पायरी) २४० ते २६० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. पीईटी २५५ ते २६० अंशांच्या आसपास वितळतंच, आणि त्याच्या कितीतरी आधी वेडंवाकडं होतं. म्हणजे पीईटी घेतलं तर सोल्डरिंग विसरायचं. तिथे ८० ते १२० अंशांना पक्का होणारा चांदीचा इपॉक्सी किंवा दाबून बसणारा कनेक्टर लागतो. हा निर्णय पहिल्या दिवशी घ्यावा लागतो, कारण पॅडचा आकारही त्यावर ठरतो.

दुसरी लपलेली उष्णता स्पटरिंगच्या चेंबरमध्येच असते. हीटर बंद असला तरी प्लाझ्मा शीटला तापवतो. निर्वातात शीट होल्डरला मोजक्याच ठिकाणी टेकलेली असते, त्यामुळे उष्णता निघून जायला वाट नसते. होल्डरवरचा थर्मोकपल ५० अंश दाखवत असताना शीटचा मधला भाग त्याहून बराच गरम असू शकतो. पीईटी कडांना कुरळं होऊन बाहेर आलं, तर आधी पॉवर कमी करून थर टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबत बसवून पाहा. शीट बदलायची वेळ येईलच असं नाही.

पॉलिइमाइड आणि पीईटी, समोरासमोर

ड्यूपॉन्टने १९६० च्या दशकात बाजारात आणलेलं कॅप्टॉन वितळत नाही. त्याचं ग्लास ट्रान्झिशन तापमान (ज्याच्या वर प्लास्टिक मऊ पडू लागतं) ३६० अंशांच्या वर आहे. कंपनी उणे २६९ ते अधिक ४०० अंश असा पल्ला सांगते, पण हवेत ४०० अंशांना ते तासांच्या हिशोबात टिकतं, वर्षांच्या नव्हे. रोजच्या कामात ३०० अंशांची प्रक्रिया निर्धास्त करावी, ३५० ला सावध राहावं, असा माझा सल्ला आहे. पीईटीचं ग्लास ट्रान्झिशन ७० ते ८० अंशांवर येतं. साधं पीईटी १०० अंशांच्या पुढे न्यायचं नाही. उष्णतेने आधीच स्थिर केलेल्या प्रती १५० अंशांपर्यंत चालतात.

ही ‘स्थिर केलेली’ प्रत गांभीर्याने घ्या. साधं पीईटी १५० अंशांना अर्धा तास ठेवलं तर एक टक्का किंवा त्याहून जास्त आकसतं. ५० मिलिमीटरच्या नमुन्यावर एक टक्का म्हणजे अर्धा मिलिमीटर. खाली इलेक्ट्रोड आणि वर दुसऱ्या मास्कने संवेदी थर असेल, तर दोन्ही एकमेकांवर बसणारच नाहीत. उपाय साधा आहे: नमुने कापण्याआधी शीट प्रक्रियेच्या कमाल तापमानाला सैल ठेवून एकदा आकसू द्यायची.

पारदर्शकतेत पीईटी सरळ जिंकतं. दृश्य प्रकाशाचा सुमारे ९० टक्के भाग ते आरपार जाऊ देतं. पॉलिइमाइडचा अंबरी रंग त्याच्या रेणुरचनेतून येतो आणि निळा प्रकाश जवळजवळ सगळा अडवतो. प्रकाश खालून द्यायचा असेल किंवा फोटोडिटेक्टर करायचा असेल, तर नेहमीचं कॅप्टॉन बाद. रंगहीन पॉलिइमाइडही मिळतं, घडी घालता येणाऱ्या २०१९ च्या गॅलक्सी फोल्ड या फोनच्या पडद्यावर तेच होतं. पण ते महाग आहे, आणि रंग काढताना उष्णता सोसण्याची ताकद काहीशी घटते.

मोठ्या संख्येने बनणाऱ्या, एकदाच वापरायच्या सेन्सरांत पीईटी किती पुढे आहे हे पाहायचं असेल, तर रक्तातली साखर मोजायची पट्टी हातात घ्या. अशा बहुतेक पट्ट्यांचा आधार पॉलिएस्टरच असतो आणि त्यावर कार्बन किंवा धातूचे इलेक्ट्रोड छापलेले किंवा बसवलेले असतात. तिथे पॉलिइमाइड घालणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं. उलट तापमापकाचा प्लॅटिनमचा थर किंवा स्ट्रेन गेज (ताण मोजणारी पट्टी) असेल तर पॉलिइमाइडला तोड नाही. फॉइल स्ट्रेन गेजची कॉन्स्टंटनची (तांबे-निकेलच्या मिश्रधातूची) जाळी कितीतरी वर्षं पॉलिइमाइडच्या पाठीवरच बनते आहे.

या दोघांच्या मधे पीईएन (पीईटीचाच जास्त उष्णता सोसणारा भाऊबंद) येतं. त्याचं ग्लास ट्रान्झिशन सुमारे १२० अंश, कामाचा पल्ला १५५ ते १८० अंश, आणि ते पीईटीइतकं नसलं तरी चांगलं पारदर्शक. तुमची सगळ्यात गरम पायरी नेमकी या पट्ट्यात असेल आणि आरपार दिसणं गरजेचं असेल, तरच ते शोधत बसा.

पाणी: पॉलिइमाइडची दुखरी बाजू

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. पूर्ण दमट हवेत कॅप्टॉन स्वतःच्या वजनाच्या २.८ टक्क्यांपर्यंत पाणी शोषतं. पीईटीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली राहतं. पाण्याने कॅप्टॉन फुगतं: सापेक्ष आर्द्रता एक टक्क्याने वाढली की लांबी साधारण दशलक्षात २० भागांनी वाढते. विदर्भात मेच्या दुपारपासून जुलैच्या मध्यापर्यंत किंवा एसी प्रयोगशाळेतून बाहेरच्या पावसात आर्द्रता ५० टक्क्यांनी सहज बदलते. म्हणजे दशलक्षात १००० भाग, अर्थात १००० मायक्रोस्ट्रेन. सुटी, कशावरही न चिकटवलेली शीट घेऊन त्यावर ताण मोजणारा थर केला असेल, तर हात न लावताही एवढा खोटा ताण वाचनात दिसू शकतो. गेज धातूच्या पट्टीवर घट्ट चिकटवलेला असेल तर पट्टी शीटला धरून ठेवते आणि हा परिणाम बराच दबतो.

पण हाच दोष आर्द्रता मोजणाऱ्या सेन्सरचा पाया आहे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास, पॉलिइमाइडचा सुमारे ३.४. थोडं पाणी आत शिरलं तरी कपॅसिटन्स लक्षात येण्याइतका वाढतो. कपॅसिटिव्ह आर्द्रता सेन्सरांत पॉलिइमाइडचा थर म्हणूनच नेहमी दिसतो.

कोणताही धातू बसवण्याआधी पॉलिइमाइड १२० ते १५० अंशांना, जमल्यास निर्वातात, तासभर भाजून घ्या. तसं केलं नाही तर चेंबरमध्ये पाणी सुटत राहतं, दाब उतरत नाही आणि थर नीट चिकटत नाही. भाजलेली शीट पातळ असल्यामुळे ओलावा लवकरच परत शोषते, तेव्हा ती उघडी ठेवू नका, थेट चेंबरमध्ये घाला. चिकटण्यासाठी ऑक्सिजन प्लाझ्मा आणि सोन्या-प्लॅटिनमखाली ५ ते १० नॅनोमीटर क्रोमिअम किंवा टायटॅनिअम, एवढं बहुतेक वेळा पुरतं.

शीट काचेवर धरायला कॅप्टॉन टेप वापरत असाल तर एक ध्यानात ठेवा: टेपचा पट ४०० अंश सोसतो, त्यावरचा सिलिकोनचा गोंद नाही. २६० अंशांच्या पुढे तो बिघडतो. त्याचा अंश शीटवर पसरला तर पुढचा थर तिथून सुटतो.

प्रसरण आणि वाकणं

थर आणि शीट वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि थंड होताना त्या फरकाचा ताण थरात अडकतो. कॅप्टॉनचं प्रसरण दर अंशाला दशलक्षात सुमारे २०, प्लॅटिनमचं ९. ३०० अंशांना बसवलेला थर खोलीच्या तापमानाला आला की ११ गुणिले २७५, म्हणजे ०.३ टक्के तफावत उरते. धातू ती सोसतो. ठिसूळ ऑक्साइडचा जाड थर असेल तर शीट नळीसारखी गुंडाळली जाते. इथे पॉलिइमाइडमध्येही फरक करायला हवा. युबे कंपनीच्या युपिलेक्स-एसचं प्रसरण १२ च्या आसपास आहे, ते जास्त ताठ आहे आणि पाणीही कमी शोषतं. ऑक्साइडच्या थरांसाठी मी कॅप्टॉन एचएनच्या (कॅप्टॉनच्या नेहमीच्या प्रतीच्या) आधी युपिलेक्स-एसची चौकशी करेन.

वाकवण्याचा हिशोब तर कागदावर दोन ओळींचा आहे. वरच्या पृष्ठभागाची विकृती (लांबीतली सापेक्ष वाढ) म्हणजे शीटची जाडी भागिले वाकण्याच्या त्रिज्येची दुप्पट. १२५ मायक्रोमीटरचं पीईटी ३ मिलिमीटर त्रिज्येला वाकवलं तर विकृती २.१ टक्के येते, आणि आयटीओचा (वीज वाहणाऱ्या पारदर्शक ऑक्साइडचा) थर २ टक्क्यांच्या आसपास, कधी त्याआधीच, तडकतो. तीच त्रिज्या २५ मायक्रोमीटर शीटवर ०.४ टक्के देते. म्हणजे ‘आयटीओ वाकत नाही’ अशी तक्रार बऱ्याच वेळा मटेरिअलची नसून जाडीची असते. थराच्या वर तेवढ्याच जाडीचं, तितकंच ताठ आवरण दिलं तर थर मधल्या, जवळजवळ ताणरहित पातळीवर येतो आणि आणखी फरक पडतो. पॉलिइमाइड इथेही सोयीचं: ते ७.५ आणि १२.५ मायक्रोमीटर जाडीतही मिळतं. जपानच्या २०१० मधल्या इकारोस या सौर शिडाच्या अवकाशयानाचं पॉलिइमाइडचं शीड ७.५ मायक्रोमीटर जाडीचं होतं आणि त्यावर सौरघटाचे पातळ थर होते.

ताणायचं असेल तर

वाकणं वेगळं, ताणलं जाणं वेगळं. कोपरावर, मनगटाच्या सांध्यावर त्वचा काही ठिकाणी ३० टक्क्यांपर्यंत ताणली जाते. पॉलिइमाइड आणि पीईटी, दोन्हींचा यंग मापांक (ताठपणाचं माप) गिगापास्कलमध्ये आहे, ते त्वचेसोबत ताणले जाणार नाहीत. इथे पीडीएमएस (रबरासारखं सिलिकोन) हवं. सिलगार्ड १८४ (त्याचं बाजारात मिळणारं रूप) दहास एक प्रमाणात मिसळून ओतलं की मापांक एक ते तीन मेगापास्कल येतो, म्हणजे पॉलिइमाइडपेक्षा हजारपट मऊ.

पण त्यावर थेट धातूचा थर बसवणं त्रासाचं आहे. पीडीएमएसचं प्रसरण दर अंशाला दशलक्षात ३०० च्या घरात. नुसत्या १०० अंशांना सोनं बसवून थंड केलं तरी दोन टक्क्यांहून जास्त तफावत पडते आणि थराला सुरकुत्या येतात. काही गट या सुरकुत्यांचाच उपयोग करून घेतात: ताणताना सुरकुती उलगडते, सोनं तुटत नाही. पण तापमान मोजायचा एकसंध प्लॅटिनम थर असा मिळणार नाही. प्लाझ्माने चिकटतं केलेलं पृष्ठही काही तासांत पुन्हा तेलकट होऊ लागतं, त्यामुळे थर लगेच बसवावा लागतो. म्हणून मला मिश्र वाट जास्त भरवशाची वाटते: संवेदी थर पातळ पॉलिइमाइडच्या छोट्या बेटांवर, बेटांना जोडणाऱ्या तारा नागमोडी, आणि हे सगळं पीडीएमएसमध्ये बुडवलेलं. ताणलं जातं ते पीडीएमएस, थर शांत राहतो.

बाकीचे, थोडक्यात

उच्च वारंवारतेचा अँटेना असेल तर लिक्विड क्रिस्टल पॉलिमर, कारण ते जेमतेम ०.०४ टक्के पाणी शोषतं आणि त्याचं प्रसरण तांब्याशी जुळवता येतं. शरीरात बसवायच्या इलेक्ट्रोडसाठी पॅरिलीन-सी, ते खोलीच्या तापमानाला वाफेतून, छिद्राविना बसतं. ६०० अंशांच्या पुढचं ॲनीलिंग अटळ असेल, उदाहरणार्थ पीझेडटी या दाबविद्युत सिरॅमिकचं स्फटिकीकरण, तर कोणतंही प्लास्टिक नको. पातळ अभ्रक किंवा धातूचं फॉइल घ्या. अतिपातळ काच बाष्प अडवण्यात सर्वांत उत्तम, पण कडेचा एक ओरखडा तिला पुरतो.

कोणी काय घ्यावं

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी रासायनिक स्नानाने थर बसवण्याचं काम बरंच झालं आहे. तुम्ही सीबीडी (हेच रासायनिक स्नान) किंवा सिलारने (द्रावणांत आळीपाळीने बुडवून), १०० अंशांच्या आत काम करत असाल, तर बेधडक पीईटी घ्या, दोन्ही बाजूंवर थर बसेल एवढंच पाहा. बाथमध्ये तीव्र सोडियम किंवा पोटॅशिअम हायड्रॉक्साइड असेल तर मात्र पीईटी आणि पॉलिइमाइड दोन्ही हळूहळू विरघळतात. स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या पृष्ठावर द्रावण फवारून) ४०० ते ४५० अंशांना टिन ऑक्साइड बसवत असाल, तर पॉलिइमाइडच्या भरवशावर राहू नका. आधी तापमान खाली आणता येतं का ते पाहा.

हे जमतं, याचा चांगला दाखला स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेचा आहे. काचेवर ५५० अंशांच्या पुढे केली जाणारी सीआयजीएस (तांबे-इंडिअम-गॅलिअम-सेलेनिअम) सौरघटाची प्रक्रिया त्यांनी पॉलिइमाइडसाठी ४५० अंशांच्या आसपास आणली आणि २०१३ मध्ये २०.४ टक्के कार्यक्षमता गाठली. त्यात आणखी एक धडा आहे. साध्या खिडकीच्या काचेतून सोडिअम थरात आपोआप शिरतो आणि त्याचा थराला फायदा होतो. पॉलिइमाइडमध्ये सोडिअम नाही, तो आणि पोटॅशिअम नंतर मुद्दाम द्यावे लागले. काचेवरची तुमची कृती जशीच्या तशी शीटवर उतरत नसेल, तर तापमानाखेरीज काच गुपचूप काय देत होती हेही तपासा.

वायू-सेन्सरसाठी सूक्ष्म हीटर करायचा असेल आणि २५० अंश पुरत असतील, तर पॉलिइमाइडच. त्याची उष्णतावाहकता काचेच्या साधारण आठव्या-नवव्या हिश्शाइतकी, त्यामुळे कमी विजेत ठिपका गरम राहतो. आणि हातात फक्त कार्बन डायऑक्साइड लेझर असेल, स्पटरिंग नसेल, तरी कॅप्टॉन घ्या: २०१४ मध्ये राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने दाखवल्याप्रमाणे लेझरच्या रेघेखाली त्याचाच सच्छिद्र ग्राफीन होतो, आणि इलेक्ट्रोड त्याच शीटमधून तयार होतात. पीईटीवर तोच लेझर फिरवला तर शीट वितळून भोक पडतं.