ईसीएम दुरुस्त करावा, जुना बसवावा की नवा घ्यावा?

स्कॅनरवर पी०६०६ हा कोड दिसला की ‘कॉम्प्युटर गेला’ असा निकाल गॅरेजमध्ये लगेच मिळतो. हा कोड ईसीएमच्या, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या कॉम्प्युटरच्या, प्रोसेसरमधील दोषाचा आहे हे खरे. परंतु दोष डब्याच्या आतच आहे याची खात्री पटल्याशिवाय दुरुस्ती, जुना संच आणि नवा संच यांची तुलना करण्यात अर्थ नाही. बॅटरी काढून जोडल्यावरही मेमरीच्या दोषाचा पी०६०३ उमटू शकतो, आणि मेमरीचाच पी०६०१ काही वेळा सॉफ्टवेअर पुन्हा भरल्यावर जातो.

खात्रीसाठी मल्टिमीटर पुरतो. प्लग जोडलेला ठेवून लाल प्रोब ईसीएमच्या अर्थिंगच्या पिनवर मागून टेकवावा, काळा बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवावा आणि इंजिन चालू असताना आकडा पाहावा. तो ०.१ व्होल्टच्या बराच वर असेल तर आधी बॉडीवरचा अर्थिंगचा बोल्ट सोडवून त्याखालचा गंज घासावा. सेन्सरांचा ५ व्होल्टचा पुरवठा नाहीसा झाला असेल तर एकेक सेन्सर सुटा करत जावे. एखादा सुटताच ५ व्होल्ट परत आले, तर दोष त्या सेन्सरचा किंवा त्याच्या वायरिंगचा, बोर्डाचा नव्हे. यू०१०० किंवा यू०१०१ (ईसीएम किंवा गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटल्याचे कोड) असेल तर बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात त्या सॉकेटच्या) ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमधील रोध मोजावा: साधारण ६० ओहम म्हणजे संपर्काची लाइन ठीक, १२० म्हणजे कुठेतरी तुटलेली. एवढे सगळे निर्दोष निघाले, तरच डबा उघडावा.

इंजेक्टर किंवा इग्निशन कॉइलचा ड्रायव्हर (त्यांना चालवणारा बोर्डावरचा भाग) जळालेला, सोल्डरला तडा गेलेला किंवा कपॅसिटर गळालेला असेल, तर माझी पसंती निःसंशय दुरुस्तीला आहे. मूळ डेटा आणि इमोबिलायझरची (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चावीशी असलेली जोडणी तशीच राहते, आणि खर्चही सहसा सर्वांत कमी येतो. मात्र पावसाळ्यात पाणी शिरून पिनांवर हिरवा थर चढला असेल आणि तो बोर्डाच्या थरांपर्यंत पोहोचला असेल, तर आज चालू झालेली गाडी पुन्हा बंद पडण्याचा धोका उरतो. सिरॅमिक पट्टीवर जेलखाली बारीक तारा जोडलेल्या बोर्डांना तर साध्या सोल्डरिंगने हात लावता येत नाही.

भंगारातला संच स्वस्त असतो, पण पार्ट नंबर तंतोतंत जुळला पाहिजे, आणि गाडीच्या मूळ बोर्डातील डेटा त्यात उतरवल्याशिवाय बहुतेक गाड्या सुरूच होत नाहीत. हे क्लोनिंग करणारा जाणकार ओळखीचा नसेल, तर या वाटेला जाऊ नये.

नवा संच महाग पडतो, शिवाय प्रोग्रॅमिंग आणि चावी मॅचिंग वेगळे. तरीही प्रोसेसरच गेला असेल आणि गाडी अजून बरीच वर्षे वापरायची असेल, तर तोच घ्यावा. गिअरबॉक्सच्या टीसीएमबाबत, म्हणजे गिअर नियंत्रित करणाऱ्या कॉम्प्युटरबाबत, हिशेब थोडा बदलतो. काही ऑटोमॅटिक गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या आत तेलात बसवलेला असल्यामुळे मजुरीच मोठी होते, आणि एकदा उघडल्यावर शंकास्पद बोर्ड परत बसवणे परवडत नाही. शिवाय बदलल्यानंतर क्लच आणि गिअरचे अॅडाप्टेशन (नव्या संचाला त्यांच्याशी जुळवून घेणे) करून घ्यावे लागते.

कोणताही पर्याय घेतला तरी गाडी व्यवस्थित धावेपर्यंत गाडीचा मूळ ईसीएम दुकानदाराकडे परत देऊ नये, कारण इमोबिलायझरचा डेटा त्यातूनच काढावा लागू शकतो.