कुंडीतल्या टोमॅटोला निंबोळी पेंड: पावसाळा ते हिवाळा वापरून

सोलापुरात आमच्या गच्चीवर ग्रो बॅग आणि रंगाच्या जुन्या बादल्यांत टोमॅटो असतात. पावसाळी आणि हिवाळी, दोन्ही लागवडींना निंबोळी पेंड (निंबोळ्यांचं तेल काढल्यावर उरणारा चोथा) वापरली. पेंड मुळांची राखण चांगली करते, पण आधीच बिघडलेली माती तिच्याने सुधारत नाही.

दहा किलो मातीला साधारण शंभर ग्रॅम घेते. रोप लावायच्या पंधरा दिवस आधी मिसळून माती ओलसर ठेवायची, कारण पेंड कुजताना कोवळ्या मुळांना त्रास होतो. वर पांढरी बुरशी दिसते, तिला घाबरू नका; खुरप्याने माती हलवली की जाते. उग्र वास मात्र काही दिवस सहन करावा लागतो.

हुमणीवर, म्हणजे भुंगेऱ्यांच्या मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीवर, फरक स्पष्ट दिसला. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर जमतात आणि अंडी मातीत घालतात. पेंड घातलेल्या बादल्यांत अळ्या क्वचितच निघाल्या. पण पांढरी अळी दिसली की लगेच मारू नका, फरशीवर ठेवून बघा. पाठीवर सरपटत गेली तर ती कुजका पाला खाणारी, मुळांच्या वाटेला न जाणारी. तिला खुशाल कंपोस्टमध्ये सोडा.

सूत्रकृमींपुढे (मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) पेंड कमी पडली. पाणी असूनही झाड दुपारी माना टाकतं, उपटलं की मुळांवर गाठी. अशा मातीत पेंडीने झाड थोडं जास्त तगलं, पण फळं बारीकच राहिली.

त्यावर उपाय आपलं ऊन. मागच्या मे महिन्यात अशीच काही माती ओली करून, पातळ पसरून, पारदर्शक प्लास्टिकखाली कडा दाबून महिनाभर ठेवली होती. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. गच्चीची फरशी खालूनही तापते, हा इथला मोठा फायदा. तापवण्यात चांगले जिवाणूही मरतात, म्हणून नंतर कुजलेलं शेणखत, ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) आणि मग पेंड. त्या मातीतल्या हिवाळी झाडांची मुळं स्वच्छ निघाली.

पेंड पुन्हा घेणार, आणि यंदा सगळीच माती आधी तापवणार. गाठी आलेली मुळं कंपोस्टमध्ये टाकू नका, सरळ घंटागाडीत द्या.