पायातलं कडं की पाठीवरचा टॅग?

अमूर ससाणा जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी. २०१३ साली नागालँडमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमचे, सौरऊर्जेवर चालणारे, उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारे टॅग बसवले. त्यांना नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. त्यामुळे अरबी समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिका गाठणारी त्यांची वाट नकाशावर उमटत गेली. हिवाळ्याच्या तोंडावर लोणावळ्याच्या आकाशात हे ससाणे दिसतात, तेव्हा मला दर वेळी हा नकाशा आठवतो.

कड्याला हे जमत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १९२७ पासून पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालते आहे, पण तो पक्षी पुन्हा कुणाच्या हाती लागला किंवा कड्याचा क्रमांक वाचता आला, तरच पत्ता लागतो. हाती येतात ती दोन टोकं. मधला प्रवास अंदाजाने जोडायचा.

तरी कडं मोडीत काढायला मी तयार नाही. टॅग महाग, आणि काही वर्षांत बंद पडतो. शिवाय त्याचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांच्या आत हवं; दहा-बारा ग्रॅमच्या वटवट्यावर पाच ग्रॅमचं ओझं लादणं क्रूरपणाच. कडं मात्र आयुष्यभर साथ देतं. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरच्या ‘विस्डम’ नावाच्या अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या मादीला पहिलं कडं १९५६ साली घातलं. कडी बदलत गेली, नोंद तुटली नाही. म्हणून २०२४ मध्ये तिने पुन्हा अंडं घातलं, तेव्हा ही तीच, हे ओळखता आलं.

वाट शोधायची असेल तर टॅग. आयुष्य मोजायचं असेल तर कडंच.